उपासनेची उसनवारी

अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली ‘अब्राहमिक फॅमिली हाउस’ नावाचं एक आवार लोकांसाठी खुलं झालं. एक मशीद, एक चर्च, एक सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ. तिन्ही चौकोनी ठोकळे, तिन्हींचं आकारमान सारखं, कुणी कुणाच्या वरचढ दिसू नये अशी आखणी. आखातात नोकरीधंद्याला असलेल्या मराठी माणसांच्या सुट्टीच्या फेरीत आता हेही ठिकाण असतं, आणि तिथले फोटो इकडे घरच्या ग्रुपवर आले की ठरलेला वाद ठरलेल्या वाटेने सुरू होतो. एक बाजू म्हणते, ‘बघा, शेवटी सगळे धर्म एकच. ते सूफी, ते ख्रिस्ती साधू, ते ज्यू, सगळे एकाच देवाचं नाव एकाच पद्धतीने घ्यायचे.’ मग कुणीतरी इब्न अरबी या मध्ययुगीन सूफीच्या ओळी चिकटवतो, कुणी रूमीच्या नावावर खपणारी आणि रूमीची नसलेली एखादी रुबाई. दुसरी बाजू म्हणते, ‘ही भेसळ आहे. ज्याचा धर्म पक्का तो दुसऱ्याच्या दारात उपासना शिकायला जात नाही.’ अरब जगातही हाच वाद चालू आहे, आणि तिथे त्याला २०२० च्या अब्राहम कराराची, म्हणजे इस्रायलशी झालेल्या दोस्तीची किनार आहे. त्या आवारातल्या मशिदीला ज्यांचं नाव दिलंय, त्या अहमद अल-तय्यिब यांनीच, कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुखांनीच, २०२१ मध्ये तिन्ही धर्म मिसळून एक ‘अब्राहमी धर्म’ काढण्याची कल्पना झिडकारली होती. त्याला ना रंग असेल, ना चव, ना वास, अशा अर्थाचं ते बोलले होते. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्याबरोबर बंधुभावाच्या जाहीरनाम्यावर सही करणारेही तेच.

त्यात मला विसंगती दिसत नाही. मध्ययुगातल्या यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम साधकांनी एकमेकांच्या उपासनेच्या रीती उचलल्या, याचे पुरावे आहेत आणि त्यातले काही चांगले भक्कम आहेत. पण उचलणारे बहुतेक जण आपापल्या धर्माबद्दल कमालीचे आग्रही होते. माझं म्हणणं तर असं, की आग्रही होते म्हणूनच त्यांना उचलता आलं. ज्याला आपली जमीन ठाऊक आहे, तोच शेजाऱ्याच्या बांधावर निवांत उभा राहू शकतो. ‘सगळं एकच’ म्हणणारे आणि ‘भेसळ’ म्हणणारे, दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात: रीत घेतली की तिच्यामागून श्रद्धाही येणारच. एकाला त्याचा आनंद होतो, दुसऱ्याला धसका बसतो, एवढाच फरक. इतिहास दोघांनाही साथ देत नाही.

अबू धाबीच्या चर्चला असिसीच्या फ्रान्सिस या इटालियन संताचं नाव आहे आणि सिनेगॉगला मोझेस बेन मायमोन या यहुदी धर्मपंडिताचं, म्हणजे रामबामचं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी बापाऐवजी मुलाचं नाव सुचवलं असतं. रामबाम १२०४ मध्ये कैरोजवळच्या फुस्तातमध्ये वारला, तेव्हा त्याचा मुलगा अब्राहम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. इजिप्तमधल्या यहुदी समाजाचं प्रमुखपद त्याच्याकडे आलं आणि १२३७ मध्ये मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. पुढे तो सुलतान अल-कामिलचा वैद्य झाला. इब्न अबी उसैबिया या वैद्यचरित्रकाराने इस्पितळात त्याच्याबरोबर काम केलं होतं. उंच, सडपातळ, वागायला-बोलायला गोड अशी त्याने अब्राहमची आठवण लिहून ठेवली आहे. हा गोड माणूस आपल्या समाजाच्या प्रार्थनेच्या बाबतीत मात्र अजिबात गोड नव्हता. लोक सिनेगॉगमध्ये येऊन भिंतींना पाठ लावून, उशा-लोडांना रेलून बसायचे. कुणाचं तोंड कुठे, कुणाचं कुठे. अब्राहमने उशा हटवायला लावल्या. रांगेत बसा, जेरुसलेमकडे तोंड करा, गुडघे मोडून बसा, प्रार्थनेआधी हातांबरोबर पायही धुवा, ठरलेल्या जागी कपाळ जमिनीला टेकवा, याचना करताना हात पसरा. शिवाय निवडक साधकांसाठी रात्रीचं जागरण, उपवास, काळोख्या जागी एकांत.

फुस्तातच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटलं असतं. रांगा, पाय धुणं, सजदा, खलवत. अब्राहमने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. अरबी भाषेत पण हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने उघड सांगितलं, की होय, हे सूफींसारखं दिसतं. गुरूने शिष्याला आपलं वस्त्र देण्याची सूफींची रीत त्याला फार आवडायची. पण एलीयाने अलीशाच्या अंगावर झगा टाकला तेव्हा कुठे होते सूफी, असा त्याचा उलट सवाल. रात्री जागणं, एकांतात बसणं, जमिनीवर लोटांगण घालणं हे सगळं इस्रायलच्या संदेष्ट्यांचं. आपण वनवासात आणि पापांमुळे ते हरवलं, सूफींनी ते सांभाळलं. म्हणजे आपण त्यांचं घेत नाही, आपलं परत आणतो. या दाव्यात तथ्य किती? अगदीच नाही असं नव्हे. दानीएल दिवसातून तीनदा जेरुसलेमकडच्या खिडकीशी गुडघे टेकायचा, हे बायबलमध्येच आहे. जेरुसलेमच्या मंदिरात लोक जमिनीवर पालथे पडायचे, आणि योम किप्पुरच्या दिवशी, आपल्या कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, ज्याला दारफळणीचा सण म्हणत आले त्या दिवशी, कपाळ टेकण्याची रीत कित्येक सिनेगॉगमध्ये अजून आहे. सकाळच्या प्रार्थनेआधी तोंड, हात, पाय धुवावेत असं तर खुद्द रामबामच्या धर्मसंहितेत होतं. शेजाऱ्यांची नजरही बापाला चुकली नव्हती. प्रार्थना दुसऱ्यांदा म्हटली जाताना लोक गप्पा मारतात, थुंकतात, हे पाहून मुसलमान हसतात, म्हणून त्याने ती पुनरावृत्तीच बंद करायला लावली होती. पण जुनं सगळं मान्य करूनही नेमकं तेराव्या शतकात, नेमकं कैरोत, नेमकं हेच का आठवलं, याचं उत्तर शेजारच्या मशिदीकडे बोट दाखवतंच.

आता विरोधकांकडे बघा. अब्राहमच्या समाजातल्या काही लोकांनी सुलतान अल-आदिलकडे तक्रार नेली की आमचा प्रमुख प्रार्थनेत नवं काहीतरी घुसडतोय. ‘बिदअत’, म्हणजे धर्मात नवी रीत आणणं, हा इस्लामी धर्मशास्त्रातला आरोप. यहुद्यांनी तो आपल्या यहुदी प्रमुखावर मुस्लिम सुलतानापुढे ठेवला, आणि कशाबद्दल? तर तो आम्हाला मुसलमानांसारखी प्रार्थना करायला लावतो याबद्दल! शुद्धतेचे रक्षक उपासनेची रीत उसनी घेत नव्हते, पण खटला भरायची रीत त्यांनी बिनदिक्कत उसनी घेतली. सुलतानाच्या राज्यात बिगरमुस्लिमांना संरक्षण होतं ते आपापल्या जुन्या चालीने राहण्याच्या अटीवर, त्यामुळे आरोप साधा नव्हता. अब्राहमने लेखी उत्तर पाठवलं, त्यावर सुमारे २०० जणांच्या सह्या होत्या: या रीती माझ्या खासगी सिनेगॉगमध्ये पाळल्या जातात, कुणावर सक्ती नाही. प्रमुखपद त्याच्याकडेच राहिलं. त्याच्या सुधारणा मात्र समाजभर कधीच पसरल्या नाहीत. त्याच्या घराण्यात आणि एका छोट्या साधकवर्गात ही परंपरा पुढे दीडेकशे वर्षं तरी टिकली.

अल-आदिल १२१८ मध्ये वारला आणि अल-कामिल गादीवर आला. पुढच्याच वर्षी नाईलच्या मुखाशी दमिएत्ताला पाचव्या क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, फौजांचा वेढा पडलेला असताना फ्रान्सिस ख्रिस्ती छावणीतून निघाला आणि रणरेषा ओलांडून या अल-कामिलला भेटला. या भेटीवर आज बंधुभावाचे केवढे इमले चढवले जातात! फ्रान्सिस तिथे बंधुभावाच्या परिषदेला गेला नव्हता. सुलतानाला ख्रिस्ती करायला गेला होता, आणि त्यापायी जीव गेला तरी हरकत नाही अशा तयारीने. सुलतान ख्रिस्ती झाला नाही, फ्रान्सिसचाही जीव गेला नाही. परतल्यावर त्याने राज्यकर्त्यांना जे पत्र लिहिलं त्यात एक विलक्षण मागणी आहे: रोज संध्याकाळी दवंडीवाल्याकरवी किंवा दुसऱ्या कसल्या खुणेने पुकारा व्हावा, म्हणजे सगळे लोक देवाची स्तुती करतील. इटलीतल्या गावांत घंटा होत्याच. मग माणसाने पुकारा करावा हे याला कुठून सुचलं? पुष्कळ अभ्यासकांना इथे अजान ऐकू येते. फ्रान्सिसने तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे हा अंदाजच; पण दमिएत्ताच्या आसपास राहिलेल्या माणसाबद्दलचा हा अंदाज मला पटतो. आपल्या बंधूंसाठीच्या १२२१ च्या नियमावलीत त्याने मुसलमानांमध्ये राहण्याचे दोन मार्ग दिले आहेत. एक, वादविवाद न करता, सर्वांच्या अधीन राहून, पण आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करत राहायचं. दोन, देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघड प्रचार करायचा. ‘सगळं एकच’ हा तिसरा मार्ग त्या नियमावलीत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. साम्य म्हणजे संपर्क नव्हे. तेराव्या शतकात निकेफोरस नावाच्या बिझंटाईन भिक्षूने शिकवलं, की बसा, श्वासाबरोबर मन हृदयात उतरवा आणि ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर’ हे थांबू देऊ नका. त्याच परंपरेत हनुवटी छातीला टेकवून बसायला सांगितलं गेलं. त्याच शतकात झारागोझाचा अब्राहम अबुलाफिया देवाच्या हिब्रू नामाची अक्षरं उलटसुलट जुळवत, ठराविक मापाने श्वास घेत, मान ठरलेल्या दिशांना फिरवत जप शिकवत होता. सूफी तरीके, म्हणजे सूफींचे पंथ, जिक्र म्हणजे नामस्मरण शिकवत होते. त्यातल्या काहींत ‘ला इलाह’ म्हणताना मान एकीकडे आणि ‘इल्लल्लाह’चा घाव थेट हृदयावर. तिघांत नाम, श्वास, मान, हृदय. कुणी कुणाकडून घेतलं? अबुलाफिया पॅलेस्टाईनमधलं अक्का शहर, ग्रीस, इटली असा फिरलेला होता, संधी भरपूर होती. पण सिनाई पर्वताच्या मठातल्या योहान क्लिमाकसने येशूचं स्मरण श्वासाशी जोडायला सातव्या शतकातच सांगितलं होतं, सूफी तरीके उभे राहण्याच्या कितीतरी आधी. मग सूफींनी वाळवंटातल्या ख्रिस्ती भिक्षूंकडून घेतलं म्हणायचं? तेही सिद्ध होत नाही. माणसाचं शरीर सगळीकडे तेच. एक नाव तासन् तास घेत बसलेला माणूस आज ना उद्या आपल्या श्वासापाशी येऊन पोचतोच. मराठी वाचकाला इथे हरिपाठ आठवणार आणि एक धागा तिकडेही जोडावासा वाटणार. जोडू नये. पुरावा नाही.

तेव्हा हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धा. जिथे फक्त साम्य आहे तिथे उसनवारीची भाषा बंद. पण तो फुस्तातला लागू पडत नाही. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये जुने कागद टाकायची एक खोली होती, गनिझा. सॉलोमन शेख्टरने १८९६–९७ मध्ये तिथून केंब्रिजला नेलेल्या कागदांचे तुकडेच दोन लाखांच्या घरात आहेत. त्यात हल्लाज या सूफीच्या कविता हिब्रू अक्षरांत उतरवलेल्या सापडतात, गझाली या मुस्लिम धर्मपंडिताचं आत्मकथनही सापडतं. कुणीतरी शाई खर्चून, ओळीमागून ओळ, दुसऱ्याच्या साधकाचे शब्द आपल्या लिपीत आणत होतं. याला योगायोग कसं म्हणायचं? आणि जिथे संपर्काचा पुरावा नाही, तिथली एक गोष्टही या वादात उपयोगी आहे. निकेफोरसच्या पद्धतीची टर कुणी उडवली? मुसलमानाने नव्हे, कालाब्रियाच्या बार्लाम या ख्रिस्ती विद्वानाने. बेंबीत जीव असलेली माणसं, असं तो या भिक्षूंना म्हणायचा. ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूने उभा राहिला, १३४१ ते १३५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला परिषदांमागून परिषदा झाल्या, तेव्हा कुठे ही प्रार्थना चर्चमध्ये सुरक्षित झाली. शरीराने देवाकडे जाता येतं का, हा झगडा धर्माधर्मांत नव्हता. प्रत्येक धर्माच्या आत होता. हाच पालामास १३५४ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या हाती सापडला आणि वर्षभर त्यांच्या कैदेत राहिला. तिथे त्याने मुस्लिम विद्वानांशी वाद घातले, बऱ्यापैकी सभ्यपणे, आणि आपल्या मतावरून तसूभरही हलला नाही.

‘सगळं एकच’वाल्यांचा हुकमी एक्का इब्न अरबी. माझं हृदय कुठलंही रूप घेऊ शकतं, ते हरणांचं कुरण आहे, भिक्षूंचा मठ आहे, मूर्तींचं मंदिर, काबा, तोराहच्या पाट्या आणि कुराणाची पोथी आहे, माझा धर्म प्रेमाचा: या अर्थाच्या त्या ओळी खऱ्या आहेत आणि सुंदरही आहेत. पण याच इब्न अरबीने त्याच सुमारास अनातोलियाचा सेल्जुक सुलतान कैकाऊस याला पत्र लिहून बजावलं, की तुझ्या राज्यात चर्चच्या घंटा वाजतात, ख्रिस्ती लोक उघड मिरवतात, हे चालणार नाही. त्यांना नवी चर्चं बांधू देऊ नकोस, पडलेली दुरुस्त करू देऊ नकोस, मुसलमानांसारखा पोशाख करू देऊ नकोस. खलिफा उमरच्या नावाने चालत आलेल्या त्या सगळ्या जुन्या अटी त्याने सुलतानाला आठवून दिल्या. हा ढोंगी होता का? मला तसं वाटत नाही. त्या ओळी बोलतात ते साक्षात्कार झालेल्या हृदयाबद्दल, देवाच्या प्रत्येक प्रकटीकरणाला जागा देणाऱ्या; गावात चर्च किती असावीत याबद्दल नव्हे. त्याच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. भांडण लागतं ते आपण त्याला एकविसाव्या शतकातल्या बंधुभाव समितीचं अध्यक्षपद देतो तेव्हा. कविता पाठ करून पत्र लपवणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे: उद्या पलीकडच्या बाजूच्या कुणी ते पत्र काढून दाखवलं, की तुमच्या समभावाचं काय उरतं? खोट्या पायावरची मैत्री पहिल्याच संदर्भाने कोसळते.

आणि रामोन लूल हा ख्रिस्ती लेखक-प्रचारक तर याहून अवघड. स्पेनजवळचं मायोर्का हे मुस्लिम सत्तेखालचं बेट अरागॉनच्या ख्रिस्ती राजाने १२२९ मध्ये जिंकलं आणि त्यानंतर काही वर्षांनी तिथे लूल जन्मला. मुसलमानांना ख्रिस्ती करायचं या ध्यासाने त्याने एक मुस्लिम गुलाम विकत घेतला आणि त्याच्याकडून नऊ वर्षं अरबी शिकला. शेवटी त्या गुलामाने ख्रिस्तनिंदा केली, लूलने त्याला मारलं, गुलाम तलवार घेऊन लूलवर धावला, कैदेत पडला आणि तिथे त्याने गळफास घेतला. हे लूलच्या स्वतःच्या सांगण्यावरून लिहिलेल्या चरित्रात आहे. हाच लूल प्रियकर आणि प्रियतम यांच्यावरच्या छोट्या-छोट्या सूत्रांचं पुस्तक लिहितो, वर्षातल्या एकेका दिवसाच्या ध्यानासाठी एकेक सूत्र, आणि ही पद्धत सूफींची आहे हे कथेच्या ओघात सांगूनही टाकतो. मुसलमान देवाची नव्व्याण्णव नावं घेतात, तर मी शंभर देतो, म्हणून तो देवाच्या शंभर नावांचा ग्रंथ रचतो, गायला सोपा जावा म्हणून पद्यात. १२७६ मध्ये मिरामारला मठ काढतो तो भिक्षूंना अरबी शिकवायला, प्रचारासाठी. पुढे क्रूसेडच्या योजनाही मांडतो. याला प्रेम म्हणायचं की रणनीती? दोन्ही होतं, आणि वेगळं काढता येत नव्हतं. सूफींच्या उपासनेत त्याला काहीतरी खरं दिसलं होतं; ते ख्रिस्ताच्या पदरात पडलं पाहिजे असंही त्याला तितकंच वाटत होतं.

मग मालकीचा प्रश्न. अब्राहम म्हणाला हे मुळात इस्रायलचं. विसाव्या शतकात मिगेल असिन पालासिओस या स्पॅनिश पाद्र्याने आयुष्य घालून अरबी हस्तलिखितं वाचली, दांतेच्या काव्यामागे इस्लामी स्वर्ग-नरकाच्या कथा आहेत असं १९१९ मध्ये मांडून युरोपला धक्का दिला, आणि मग १९३१ च्या इब्न अरबीवरच्या ग्रंथाला नाव काय दिलं? ‘ख्रिस्ती झालेला इस्लाम’. त्याचं म्हणणं, सूफींनी पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांमधून जे नेलं तेच फिरून आमच्याकडे आलं. सातशे वर्षांच्या अंतराने एक रब्बी आणि एक पाद्री हुबेहूब तीच चाल खेळतात. मुसलमान विद्वानही खेळतात: सगळे संदेष्टे मुळात सजदाच करत होते, बाकीच्यांनी तो बिघडवला. आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण इथे थोडी बदलावी लागते. दुसऱ्याचं कार्टं आवडलं की ते मूळचं आपलंच निघतं. मला या चालीचा राग येत नाही. इतिहास म्हणून ती कच्ची आहे, पण समाजात काही नवं आणायचं तर तिच्याशिवाय कुणाचं चाललेलं नाही. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे त्याच एलीया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात: गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, फळं, वर हिब्रू आशीर्वाद. मलिदा दर्ग्यातही चढतो, तिथे तो पोळीचा किंवा गव्हाचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या खुणा दाखवणारा खडक आहे, तिथे नवस फेडायला जाणाऱ्या कुणाला विचारा, हा तुमचा विधी का? ते हो म्हणतील, आणि ते खरं आहे. कोकणात पिढ्यान् पिढ्या केलेला विधी त्यांचाच.

राहिला सत्तेचा मुद्दा, आणि भेसळवाल्यांचं इथे चुकत नाही. उसनवारी बरोबरीत क्वचितच होते. इजिप्तचे यहुदी मुस्लिम राज्यात राहत होते, तिथे बळवंताकडून दुबळ्याने शिकणं आणि हळूहळू विरघळणं यात अंतर फार नसतं. इजिप्तमधल्या यहुद्यांची धर्मांतरं पुढच्या शतकांत झालीच. सत्ता उलट फिरते तेव्हा काय होतं ते लूलच्या गुलामाने दाखवलं. पण सत्तेने सगळं समजतं असं नाही. झारागोझाच्या बह्या इब्न पाकुदाने १०८० च्या सुमाराला हृदयाच्या कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, अरबीतच, सूफी ग्रंथांवर भरपूर हात मारून. त्यात एक साधू लढाईवरून परतलेल्या शिपायांना सांगतो, लहान लढाई जिंकून आलात, आता मोठ्या लढाईची तयारी करा, स्वतःच्या वासनेशी. हे वचन मुस्लिम परंपरेत पैगंबरांच्या नावावर आहे. बह्याने नाव दिलं नाही. अब्राहमपेक्षा हा हिशेबी माणूस. भांडं नीट लपवलं. ११६१ पासून पुढच्या काही वर्षांत ग्रंथाचं हिब्रू भाषांतर झालं आणि मग तो सगळ्या यहुदी जगाचा झाला. ज्या पोलंड-लिथुआनियात मशीद क्वचित दिसायची, तिथल्या घरांत लोक तो वाचून रडले. विरघळलं कोण? बह्याने सूफींचं टोकाचं वैराग्य जाणून बाजूला ठेवलं होतं, बायकापोरं, कामधंदा, समाज सोडू नका असं सांगितलं होतं. काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला माहीत होतं, कारण आपण कुठे उभे आहोत हे माहीत होतं.

ज्याला हे माहीत नव्हतं, असा एक माणूस गनिझाच्या कागदांत आहे. चौदाव्या शतकातला बसीर, घुंगरं-घंटा बनवणारा कारागीर. कैरोबाहेरच्या डोंगरावर अल-कूरानी नावाचा सूफी शेख होता, त्याच्या नादी बसीर लागला. त्याच्या बायकोने यहुदी समाजप्रमुखाला पत्र पाठवलं. नवरा डोंगरावर फकिरांत जाऊन राहिलाय, घर विकून आम्हालाही तिकडे न्यायचं म्हणतो, मी तीन पोरांना घेऊन एकटी पडले आहे, पोरं उद्या धर्माबाहेर जातील. तिथे ना तोराह, ना प्रार्थना, ना देवाच्या नावाचं खरं स्मरण. भेसळवाल्यांनी हे पत्र जरूर वाचावं, त्यांची भीती यात जिवंत आहे. पण पत्र कुणाला आहे तेही वाचावं. तो प्रमुख दाविद, त्याच अब्राहमच्या घराण्यातला, रामबामचा वंशज, आणि स्वतः सूफी वळणाच्या साधनेवर ग्रंथ लिहिणारा. सूफींकडून शिकलेल्या घराण्याच्या दारात ही बाई आली, ती माझ्या नवऱ्याला सूफींकडून परत आणा म्हणून. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आपल्या सिनेगॉगमध्ये राहून शेजाऱ्याकडून शिकणं वेगळं आणि सिनेगॉग सोडून डोंगरावर जाणं वेगळं, हे तीन पोरं पदरात घेऊन बसलेल्या त्या बाईला कळत होतं.